मार्करचं स्प्रिंग किट: डिसेंबरपासून मेपर्यंत वापरून

जळगाव-भुसावळकडे पेंटबॉल खेळणाऱ्यांना आधीच सांगतो. गोळीचा वेग कमी वाटला की लगेच कडक स्प्रिंग मागवू नका, आधी गॅस बघा.

माझा मार्कर (पेंटबॉलची बंदूक) साधा ब्लोबॅक (गॅसच्याच दाबाने पुन्हा सज्ज होणारा), मागच्या नॉबने मेन स्प्रिंग आवळता येते असा. ही स्प्रिंग हॅमरला पुढे फेकते, हॅमर व्हॉल्व्हवर आदळतो आणि व्हॉल्व्ह उघडेल तेवढ्या गॅसवर गोळी सुटते. स्प्रिंग कडक, तर व्हॉल्व्ह जास्त वेळ उघडा. व्हॉल्व्हची स्वतःची छोटी स्प्रिंग याच्या उलट. ती कडक टाकली की वेग घटतो. किटमध्ये दोन्ही येतात, पण छोटीला मी हात लावला नाही.

डिसेंबरच्या सकाळी सर्वांत कडक मेन स्प्रिंग टाकून बघितली. 10 अंशांना टाकीतल्या सीओटूचा (कार्बन डायऑक्साइडचा) दाब जेमतेम 650 पीएसआय (20 अंशांना 830च्या आसपास असतो). तेवढ्या जोरावर हॅमर मागे जाऊन सिअरमध्ये (ट्रिगरच्या खटक्यात) अडकेचना. ट्रिगर एकदाच दाबला आणि फट्-फट्-फट् सुरूच. शेजारचा म्हणे, "काय भो, मशीनगन आणली का?" मधली टाकली, गप्प झाला.

तीच मधली स्प्रिंग, नॉब तसाच, आणि एप्रिलची दुपार: क्रोनोवर (वेग मोजायच्या यंत्रावर) 310. आमच्या मैदानाची मर्यादा 280 फूट प्रति सेकंद. नॉब सैल करून खाली आणला, पण टाकी तापली की आकडा पुन्हा वर. 31 अंशांच्या पुढे सीओटू द्रव राहतच नाही, आणि आपल्याकडे मे महिन्यात सावलीतही पारा चाळिशीपार. भरलेली टाकी उन्हातल्या गाडीत तर अजिबात ठेवू नका. त्यात गोळीचं जिलेटिनचं कवच उन्हात मऊ पडतं, आणि नळीत रंगाचा चिखल होतो तो वेगळाच.

खरा फरक पडला सीओटूऐवजी दाबलेल्या हवेच्या टाकीने. तिचं रेग्युलेटर बाहेर 800-850 पीएसआयच सोडतं, ऊन असो की थंडी. तेव्हापासून नॉबला फारसा हात लागलेला नाही. भरायला मोठा कॉम्प्रेसर लागतो, ही मात्र कटकट आहे. मैदानवाल्याकडे असेल तरच घ्या.

किट वाईट नाही. जुनी स्प्रिंग नव्या मधलीशेजारी उभी केली तर दोन वेटोळ्यांनी बुटकी निघाली, म्हणजे बदलायची वेळ झालीच होती. फक्त वेग उतरवायला स्प्रिंग कापायचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका: सुरुवातीचा ताण कमी होतो, पण उरलेला तुकडा दाबायला आणखी ताठर होतो. हलकी स्प्रिंग पाकिटातच पडून आहे, कुणाला हवी असेल तर घेऊन जा.