मूर्ती 'टेस्टिंगला' नेतो म्हणणाऱ्यांपासून सावध राहा

गोव्यात सत्तरी, डिचोली, फोंड्याकडे ज्यांची जुनी घरं आहेत त्यांनी हे नक्की वाचा आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसांना वाचून दाखवा, कारण हे लोक दुपारी येतात, तरुण माणसं कामाला गेलेली असतात तेव्हा.

आमच्या मूळ घरी काका-काकी दोघंच असतात. देवघरात महिषासुरमर्दिनीची पंचरसी मूर्ती, वीतभर उंच, किती पिढ्यांची कोणालाच ठाऊक नाही. पांढऱ्या गाडीतून दोघे आले, गळ्यात आयकार्ड, पुरातत्त्व खात्याचे म्हणाले. बोलायला एकदम गोड, गोव्याच्या कदंब राजांचा काळ काय, तांबडी सुर्लाचं देऊळ काय, उसगाळीमळची कातळशिल्पं काय, सगळं तोंडपाठ. काका तर खूशच झाले, इतकी माहिती असलेला माणूस खोटा कसा असेल! मग हळूच भीती घातली, जुन्या वस्तूंचा 1972 चा कायदा आहे, शंभर वर्षांवरची मूर्ती रजिस्टर केली नाही तर जप्त होईल, पण काळजी नको बाब, आम्ही कार्बन डेटिंग करून सर्टिफिकेटसकट परत आणून देतो. टेस्टिंग फी घेतली, शिक्का मारलेला कागद दिला आणि मूर्ती वर्तमानपत्रात गुंडाळून घेऊन गेले. जाताना काट्यावर वजनसुद्धा केलं. देवाचं वजन कशाला करतात हे तेव्हा कोणाच्या डोक्यातच आलं नाही.

आणि खरी गंमत म्हणजे मूर्ती परत आणून दिली! म्हणून कोणाला संशयच आला नाही. चवथीच्या आधी काकीने चिंच लावून घासली तर काळा रंग हाताला यायला लागला आणि खालून पिवळंधमक नवं पितळ. मग चांदीचा मुकुट घातला, जो नेहमी दाबून बसवावा लागायचा, तो डोक्यावर सैल फिरायला लागला. ओतकाम करणाऱ्या ओळखीच्या माणसाने सांगितलं की मूळ मूर्तीवरून साचा काढून ओतलं की धातू थंड होताना आकसतो, नक्कल किंचित लहान होते. म्हणजे आमची देवी गेली, घरात तिची कॉपी.

कार्बन डेटिंग लाकूड, हाड, कोळसा असल्या जिवंत असलेल्या गोष्टींच्या अवशेषांवर करतात, धातूची मूर्ती त्यात बसतच नाही. कायदा मात्र खरा आहे, तो दाखवून मूर्ती घरातून नेणं खोटं. नोंदणीचा अर्ज भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या नोंदणी अधिकाऱ्याकडे करायचा, सोबत फोटो द्यायचे. नोंदणी केली म्हणून मालकी जात नाही, आणि खरोखर पूजेत असलेली मूर्ती सक्तीने संपादन करता येणार नाही असं त्याच कायद्यात लिहिलंय. विकायचा धंदा करायला लायसन्स लागतं आणि देशाबाहेर न्यायला खासगी माणसाला बंदीच आहे. (शेतात, कुळागरात खणताना काही सापडलं तर तो वेगळा कायदा, 1878 चा, दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीचं असेल तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवायचं. "गुप्तधन काढून देतो" म्हणून रात्री येणाऱ्यांना तर अंगणातसुद्धा घेऊ नका.)

पोलिसांत गेलो तर पहिला प्रश्न, फोटो आहे का? होता एकच, चुलतभावाच्या लग्नातला, त्यात हारांच्या ढिगातून देवीचे नुसते डोळे दिसतात. तमिळनाडूतल्या श्रीपुरंथानचा चोरीचा नटराज ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय कलादालनात पोचला होता, तो 2014 मध्ये परत आला, कारण पाँडिचेरीच्या फ्रेंच संस्थेकडे देवळात असतानाचे जुने फोटो होते. तिथे करोडोंचा व्यवहार फोटोने उघडा पडला, आणि आपण मोबाईलवर रोज पन्नास फोटो काढतो पण देवाचा एक धड नाही. तर आजच काढा, हार-वस्त्र उतरवून, चारी बाजूंनी, बैठकीच्या खालूनही, शेजारी पट्टी ठेवून, कुठे टवका उडालाय तिथला जवळून. आणि कोणी खात्याचा आलाच तर नाव लिहून घ्या, पणजीच्या ऑफिसचा नंबर स्वतः शोधून फोन लावा, त्याने दिलेल्या नंबरावर नको.

आमची मूर्ती अशी: चार हात, मागच्या उजव्या हाताची दोन बोटं तुटलेली, बैठकीला मागे जुना तांब्याचा डाग दिलेला. कुठे विकायला आलेली दिसली तर आधी पोलिसांना कळवा, विकणाऱ्याला काही विचारत बसू नका.