वॉकर, नोंदवही आणि सभासदत्व: एका सेवा क्लबचे परीक्षण

ज्या सेवा क्लबविषयी, म्हणजे रोटरी किंवा लायन्ससारख्या संघटनांच्या छत्राखाली सभासदांनी समाजकार्यासाठी चालवलेल्या मंडळाविषयी, हे परीक्षण आहे त्याचे नाव मी मुद्दाम देत नाही, आणि तो कोणत्या आंतरराष्ट्रीय संघटनेशी संलग्न आहे हेही सांगत नाही. पुढे त्याच्या काही उणिवा स्पष्टपणे लिहायच्या आहेत, आणि ज्यांच्या खांद्याला खांदा लावून काम केले त्यांना चारचौघांत उघडे पाडण्याची माझी इच्छा नाही. या क्लबशी माझा संबंध आधी गरजू म्हणून आला आणि नंतर सलग चार वर्षे सभासद म्हणून राहिला. दोन्ही बाजू पाहिल्यावर माझे मत असे झाले आहे की सेवा क्लबची पारख त्याच्या कार्यक्रमपत्रिकेवरून करू नये. कार्यक्रम आटोपल्यावर खुर्च्या कोण उचलतो आणि महिनाभराने त्याच माणसांची विचारपूस करायला कोण जातो, एवढे पाहावे.

वडिलांच्या खुब्याचे हाड मोडले आणि शस्त्रक्रियेनंतर त्यांना घरी आणायचे ठरले, तेव्हा क्लबच्या रुग्णोपयोगी साहित्य केंद्राची माहिती एका परिचारिकेने दिली. चाकांची खुर्ची, वॉकर, कुबड्या, कमोडची खुर्ची, हवेची गादी, डोक्याकडची बाजू वर उचलता येणारी खाट अशा वस्तू हे केंद्र अनामत रक्कम घेऊन वापरायला देते आणि वस्तू परत केल्यावर ती रक्कम पूर्ण परत करते. मी दूरध्वनी केला तेव्हा केंद्र सांभाळणाऱ्या गृहस्थांनी प्रथम विचारले ते वडिलांची उंची किती, खाट जमिनीपासून किती उंच आहे आणि स्वच्छतागृहाच्या दाराची रुंदी किती. हा शेवटचा प्रश्न मला विचित्र वाटला होता. चाकांची खुर्ची घरभर फिरते आणि नेमकी स्वच्छतागृहाच्या दारात अडते, हे ज्याने अनेक घरांत पाहिलेले असते तोच असा प्रश्न विचारतो. आमच्या दाराचे माप ऐकून त्यांनी चाकांची खुर्ची देण्याचे नाकारले आणि वॉकर व कमोडची खुर्ची देऊ केली. वॉकर नेताना हात सैल सोडल्यावर मनगटाची घडी जिथे येते तिथे त्याची मूठ यायला हवी आणि मूठ धरल्यावर कोपर किंचित वाकलेले राहायला हवे, हे त्यांनी स्वतः उभे राहून दाखवले, पायांतील खटके दाबून उंची जुळवून दिली आणि दोन दिवसांनी पुन्हा दूरध्वनी करून वडील चालताना पुढे वाकतात का, याची चौकशी केली. आजवर मी घेतलेल्या कोणत्याही विकतच्या सेवेत इतकी नेमकी विचारपूस मला अनुभवता आलेली नाही.

पण याच केंद्राचा दुसरा अनुभव लगेच सांगितला पाहिजे. वर्षभराने एका नातेवाइकासाठी वॉकर आणायला गेलो तेव्हा ते गृहस्थ परगावी होते आणि किल्ली दुसऱ्या सभासदाकडे होती. मिळालेल्या वॉकरच्या चार पायांपैकी दोन पायांच्या रबरी टोप्या झिजून आतली नळी उघडी पडली होती. ओल्या फरशीवर असा वॉकर आधार देण्याऐवजी माणसाला घेऊन घसरतो. सांगितल्यावर वॉकर बदलून मिळाला, हे खरे. परंतु परत आलेली वस्तू तपासूनच पुन्हा द्यायची, असा नियम कोठेही लिहिलेला नव्हता. तो एका माणसाच्या सवयीत होता, आणि तो माणूस नसला की नियमही नसे. पुढे सभासद झाल्यावर केंद्राची नोंदवही पाहिली, तर बऱ्याच नोंदींसमोर वस्तू परत आल्याची तारीखच नव्हती. त्या वस्तू कोणाच्या तरी माळ्यावर धूळ खात पडल्या असणार, आणि इकडे गरजूंना ‘सध्या शिल्लक नाही’ असे उत्तर मिळत होते.

या दोषाचे मूळ माझ्या मते सेवा क्लबांच्या रचनेतच आहे. जवळजवळ सर्व सेवा क्लबांत अध्यक्ष दर वर्षी बदलतो, आणि त्याच्याबरोबर बहुतेक कार्यकारिणीही बदलते. या पद्धतीचे फायदे आहेत: खुर्ची कोणाची मिरासदारी होत नाही, आणि सभेत बोलायला कचरणाऱ्या माणसालाही वर्षभर नेतृत्व करण्याची संधी मिळते. तोटा असा की प्रत्येक अध्यक्षाला आपल्या नावाचा नवा उपक्रम हवा असतो. माझ्या चार वर्षांत चार अध्यक्षांनी चार ‘महत्त्वाकांक्षी’ प्रकल्प जाहीर केले. त्यांपैकी वृक्षारोपणाबद्दल लिहिण्यासारखे फारसे नाही: रोपे लावली, छायाचित्रे निघाली, पाणी घालण्याची जबाबदारी कोणाकडेच नव्हती.

वास्तविक दर वर्षी माणसे बदलूनही एक काम पिढ्यान्‌पिढ्या नेता येते, याचे उत्तम उदाहरण सेवा क्लबांच्याच इतिहासात आहे. पॉल हॅरिस या वकिलाने १९०५ मध्ये शिकागोत तीन परिचितांसह पहिली बैठक घेतली, आणि सभा आळीपाळीने प्रत्येकाच्या कार्यालयात होत असल्याने त्या मंडळाला ‘रोटरी’ हे नाव मिळाले. आरंभी हेतू स्नेहाचा आणि परस्परांच्या व्यवसायवृद्धीचा होता. १९०७ मध्ये त्यांनी शहरात सार्वजनिक स्वच्छतागृहे व्हावीत म्हणून पाठपुरावा सुरू केला आणि तेथून सेवेचे अंग वाढत गेले. याच संघटनेने १९८५ मध्ये पोलिओ निर्मूलनाचा कार्यक्रम हाती घेतला आणि १९८८ मध्ये जागतिक आरोग्य संघटना, युनिसेफ आदींसह जागतिक मोहिमेत ती भागीदार झाली. त्या वेळी सव्वाशे देशांत हा रोग ठाण मांडून होता. आज तशी स्थिती अफगाणिस्तान आणि पाकिस्तान या दोनच देशांत उरली आहे. एवढ्या काळात संघटनेचा जागतिक अध्यक्ष दर वर्षी बदलत राहिला, विषय बदलला नाही, कारण निधी आणि उद्दिष्ट दोन्ही व्यक्तीच्या नव्हे तर संस्थेच्या नावावर होते. आमच्या क्लबच्या साहित्य केंद्राला नेमके हेच मिळालेले नव्हते.

रक्तदान शिबिराच्या बाबतीत मात्र क्लबने स्वतःला सुधारलेले मी पाहिले आहे. पूर्वी वर्धापनदिनी एकच मोठे शिबिर होई आणि जमा झालेल्या पिशव्यांचा आकडा अहवालात ठळक छापला जाई. रक्तपेढीच्या अधिकाऱ्याने एका सभेत शांतपणे सांगितले की तांबड्या पेशी पस्तीस ते बेचाळीस दिवस आणि बिंबिका (प्लेटलेट्स) साधारण पाचच दिवस टिकतात, त्यामुळे एकाच दिवशी शेकड्यांनी रक्त आले तर त्यातले काही वापराविना बाद होते आणि पुढल्या महिन्यांत पेढी पुन्हा रिकामी राहते. सभेत क्षणभर अवघड शांतता पसरली. त्यानंतर मोठे शिबिर बंद करून वर्षातून चार लहान शिबिरे घेण्याचे ठरले, त्यांच्या तारखा पेढीला विचारून ठरू लागल्या, आणि एका सभासदाने रक्तगटांनुसार दात्यांची यादी केली, जिच्यावरून गरजेच्या वेळी एकेकट्या दात्याला बोलावता येते. अहवालातला आकडा घटला. पेढीची तक्रार थांबली. या उपक्रमाला मी पूर्ण गुण देतो.

नेत्रतपासणी शिबिराला अर्धेच गुण. दृष्टीविषयक काम हा सेवा क्लबांचा जुना वारसा आहे. अंध-बधिर लेखिका हेलन केलर यांनी १९२५ मध्ये लायन्सच्या अधिवेशनात केलेल्या आवाहनानंतर त्या संघटनेने अंधांसाठीचे कार्य आपले मानले, आणि १९३० मध्ये अमेरिकेतील पिओरिया येथील लायन्स क्लबने वाहनचालकांना दुरून दिसावी म्हणून पांढऱ्या काठीचा पुरस्कार केला. आमच्या शिबिरात तपासणी चोख होते, डॉक्टर मन लावून पाहतात, मोतीबिंदू असलेल्यांची वेगळी यादीही निघते. अडचण त्यापुढे आहे. त्या यादीतील माणसाला शस्त्रक्रियेच्या दिवशी सोबत कोण नेणार, दुसऱ्या दिवशी पट्टी काढायला कोण आणणार, औषधाचे थेंब वेळेवर घातले जातात की नाही हे कोण पाहणार, आणि डोळा स्थिरावल्यावर चष्म्याचा क्रमांक काढायला त्याला आठवण कोण करणार, याची आखणी नसते. वरिष्ठ कार्यालयाकडे जाणाऱ्या मासिक अहवालात ‘लाभार्थी संख्या’ हा रकाना आहे, ‘शस्त्रक्रियेनंतर दिसू लागले’ असा रकाना नाही. आणि रकाना नसलेल्या कामाला आमच्याकडे माणूस मिळत नाही.

आता सभासदांविषयी, कारण क्लब म्हणजे शेवटी तीच माणसे. बाहेरून पाहणाऱ्याला कोटावरचे मानचिन्ह, सभेच्या आरंभी वाजणारी घंटा आणि एकमेकांच्या सत्काराची हौस तेवढी दिसते. सत्काराच्या हौसेबद्दलचा आक्षेप मला मान्य आहे. एका पदग्रहण समारंभात स्वागत आणि आभार यांनाच प्रमुख भाषणाहून अधिक वेळ लागला होता. परंतु त्याच सभागृहात मागच्या रांगेत बसणारे आमचे सचिव दुकानाचे दार ओढून घेतल्यावर रात्री उशिरापर्यंत इतिवृत्त लिहितात. एक डॉक्टर दांपत्य सभेला कधीही फिरकत नाही, पण एकही तपासणी शिबिर चुकवत नाही. साहित्य केंद्राचे ते गृहस्थ एका कारखान्यातून निवृत्त झालेले; पत्नीच्या निधनानंतर काही महिने ते घराबाहेरच पडत नव्हते, तेव्हा तत्कालीन अध्यक्षांनी सांत्वनाचे चार शब्द बोलण्याऐवजी त्यांच्या हाती केंद्राची किल्ली आणि मोडक्या चाकांच्या खुर्च्यांचा ढीग सोपवला. खिशात किल्ली असली की सकाळी उठायला कारण राहते, असे त्यांनीच मला एकदा स्क्रू पिळता पिळता सांगितले.

याच क्लबमध्ये आणखी एक सभासद होता. त्याचा व्यवसाय बुडाला, वार्षिक शुल्क भरणे जड झाले आणि तो सभेला येईनासा झाला. त्याची रिकामी खुर्ची आम्हा कोणालाही चार महिने दिसली नाही. अनोळखी रुग्णाला दोन दिवसांनी दूरध्वनी करणाऱ्या संस्थेने आपल्याच माणसाची चौकशी केली नाही, ही गोष्ट मला अजून बोचते, आणि त्या दोषात मीही भागीदार आहे. सेवा क्लबांत पूर्वी उपस्थितीचे नियम कडक असत. रोटरीत सलग चार सभा चुकवल्यास सभासदत्व जाऊ शके, आणि चुकलेली सभा दुसऱ्या क्लबच्या सभेला जाऊन भरून काढावी लागे. २०१६ मध्ये तेथील क्लबांना सभांच्या व उपस्थितीच्या बाबतीत बरीच मोकळीक मिळाली, आणि नोकरी-संसार सांभाळणाऱ्या तरुणांच्या दृष्टीने ते योग्यच झाले. तरी जुन्या नियमाचा एक गुण मान्य करावा लागतो: माणूस गैरहजर आहे, याची नोंद कोणीतरी घेत असे.

स्त्रियांच्या सहभागाबद्दलही थोडे लिहिले पाहिजे. लायन्सने १९८७ मध्ये आणि रोटरीने १९८९ मध्ये स्त्रियांना सभासदत्व खुले केले. त्यापूर्वी सभासदाच्या पत्नीने कितीही राबले तरी क्लबच्या पटावर तिचे नाव येत नसे. आमच्या क्लबमध्ये स्त्रिया आहेत, दोघींनी अध्यक्षपदही भूषवले आहे, तरी सूत्रसंचालन आणि पाहुण्यांना पुष्पगुच्छ देणे ही कामे न विचारता त्यांच्याकडेच जातात. हिशेबाचे काम त्यांच्यापैकी एकीकडे आले तेव्हा प्रथमच दोन खाती स्वच्छ वेगळी झाली: सभासदांच्या शुल्कातून चालणाऱ्या कारभाराचे एक, आणि लोकांकडून सेवेसाठी मिळालेल्या देणग्यांचे दुसरे. लायन्समध्ये लोकांकडून गोळा केलेला पैसा लोकांच्याच कामी लावावा, कारभारासाठी वापरू नये, असा दंडक आहे. तो कोणत्याही क्लबने पाळण्याजोगा आहे, आणि देणगी देण्यापूर्वी ही दोन खाती वेगळी आहेत का, हे विचारण्याचा संकोच कोणी करू नये.

ज्यांना सभासद व्हायचे आहे त्यांनी आधी तीन-चार सभांना पाहुणे म्हणून बसावे, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे एखाद्या शिबिरानंतर आवराआवर होईपर्यंत तिथेच थांबावे. शुल्काचा काही भाग वरिष्ठ संघटनेकडे जातो, हे आधीच समजून घेतले तर नंतर कुरकुर होत नाही. व्यवसायाच्या ओळखी वाढवणे एवढाच हेतू असेल तर निराशा होईल; ओळखी होतात, पण त्या पाचव्या-सहाव्या शिबिरात ओझे उचलताना होतात.

गेल्या वर्षी कार्यकारिणीने साहित्य केंद्राची जबाबदारी अध्यक्षाच्या वर्षाशी न जोडता तीन वर्षांसाठी एका उपसमितीकडे दिली. मी त्या उपसमितीत आहे. वस्तू परत आली की ब्रेक, चाके, खटके आणि रबरी टोप्या पाहून नोंदवहीत सही करायची आणि मगच ती पुढे द्यायची, असा कागद आता कपाटाच्या दारावर आतून चिकटवलेला आहे. जुन्या नोंदींतील माणसांना आम्ही एकेक करून दूरध्वनी केले. बऱ्याच जणांनी क्षमा मागत वस्तू आणून दिल्या, काही क्रमांक आता लागत नाहीत. नोंदवहीत चाकांच्या दोन खुर्च्यांसमोरची तारीख अजून कोरी आहे.