लिफ्टमध्ये शिरलं की लॉगआउट, सुटलो एकदाचे

ठाण्यात घोडबंदर रोडला आमची चार विंगची सोसायटी, वेबसाइट सात वर्षांपूर्वी करून घेतलेली, मेंटेनन्सची बिलं, तक्रारी, हॉलचं बुकिंग सगळं तिच्यावरच. गेलं वर्षभर अवस्था अशी की पेज उघडायला टाकायचं आणि गॅसवर चहा ठेवायचा, चहा आधी व्हायचा. त्यात लॉगिन टिकायचं नाही. ज्याने साइट बनवली त्याचं एकच पालुपद, सर्व्हर मोठा घ्या, म्हणजे वर्षाचा खर्च डबल. कमिटी जवळजवळ तयारही झालेली, मीच म्हटलं थांबा, एकदा बाहेरच्या कोणाला दाखवू, आणि नौपाड्यातल्या या वेबसाइट दुरुस्त करणाऱ्यांकडे गेलो.

जागा म्हणजे एक छोटी खोली, तीन खुर्च्या, त्यातल्या एकीवर वायरींचा ढीग. पण पोरगा हुशार. आल्या आल्या रेट नाही सांगितला, लॅपटॉप माझ्याकडे वळवला, ब्राउझरमध्ये एफ12 दाबून कशाला किती वेळ लागतो ते दाखवणारा नेटवर्कचा टॅब काढला आणि आमची साइट रिलोड केली. "काका हे बघा, पहिले आठ सेकंद सर्व्हर नुसता बसलाय, काहीच पाठवलं नाहीये त्याने. आणि नंतरचा हा सगळा टाइम तुमच्या गणपतीच्या फोटोंचा." फोटो मोबाइलवरून काढले तसेच चढवलेले, एकेक चार-पाच एमबीचा, तीसेक फोटो होमपेजवरच. ते त्याने तिथल्या तिथे बारीक केले. पण आठ सेकंदांचं कारण ऐकून मी कपाळावर हात मारला. पेजच्या तळाला "आपण इतकेवे पाहुणे आहात" असा आकडा असतो ना, तो! कोणीही पेज उघडलं की तो सात वर्षांच्या सगळ्या नोंदी पहिल्यापासून मोजत बसायचा, आणि त्यात गूगलचे वगैरे बॉट, म्हणजे आपोआप साइट चाळणारे प्रोग्राम, तेपण पाहुणेच. आकडा काढला, पेज दोन सेकंदांत. माजी चेअरमन अजून रुसलेत, त्यांची आयडिया होती ती.

लॉगिनचं प्रकरण तर अजून भारी. बी विंगमधले एक आजोबा सारखे सांगायचे, घरी लॉगिन करतो आणि खाली गेटवर पास दाखवेपर्यंत बाहेर फेकला जातो. आम्ही म्हणायचो फोन बदला आता. हा पोरगा विचारतो, लिफ्टमध्ये वायफाय सुटतं का? सुटतंच की. तर वायफायवरून मोबाइल डेटावर गेलं की आयपी, म्हणजे फोनचा नेटवरचा पत्ता, बदलतो, आणि कोडमध्ये कोणीतरी सिक्युरिटीच्या नावाखाली टाकून ठेवलेलं, आयपी बदलला की माणूस परका, हाकला त्याला. आजोबांना सॉरी म्हणून आलो.

दुसरी भानगड वेळेची. साइट ज्या भाषेत लिहिलीय त्या पीएचपीमध्ये सेशनची, म्हणजे लॉगिन लक्षात ठेवणाऱ्या नोंदीची, डिफॉल्ट मुदत 1440 सेकंद, म्हणजे 24 मिनिटं, ती कोणी हलवलीच नव्हती. तेवढा वेळ क्लिक केलं नाही की सेशन कचऱ्यात जायला मोकळं, पण जुनी सेशन साफ करणारा सर्व्हरचा झाडू कधी फिरेल ते नशिबावर, म्हणून कोणी अर्ध्या तासात बाहेर, कोणी तासभर आत, आणि आम्हाला पॅटर्नच लागत नव्हता. लीकेजची तक्रार एका बोटाने टाइप करणाऱ्याने सबमिट दाबलं की समोर लॉगिनचं पान, लिहिलेलं सगळं गायब. मी म्हटलं कायमचंच चालू ठेव, तर नाही म्हणाला, क्लब हाऊसच्या कॉम्प्युटरवरून कोणी तसाच उठून गेला तर? दोन तास ठेवलेत, आणि अर्धवट तक्रार आपोआप सेव्ह होते.

आता वाईट बाजू. फोन उचलत नाहीत, मेसेज करा. बिल मागून मागून तीन आठवड्यांनी आलं. गाडी नेऊ नका, स्टेशनवरून चालत जा. आणि जाण्याआधी होस्टिंगचा, म्हणजे साइट जिथे ठेवलीय तिथला, पासवर्ड हातात ठेवा, आमचा जुन्या माणसाकडेच होता, तो मिळवण्यात चार दिवस गेले, काम त्याच्या निम्म्या वेळात झालं.