राणी, छक्की, चव्वी: सांगलीकरांसाठी थ्री कार्ड पोकरच्या टेबलाची पारख

सांगली-मिरजेत तीन पत्ती कुणाला शिकवावी लागत नाही. दिवाळीत, गणपतीच्या जागरणात शेजारी बसून बघता बघता ती येते. त्यामुळे गोव्याच्या कॅसिनोत शिरल्यावर आपल्याकडची मंडळी रूलेट आणि ब्लॅकजॅक ओलांडून थेट थ्री कार्ड पोकरकडे वळतात. तीन पानं, सिक्वेन्स (ओळीची तीन पानं), कलर (तिन्ही एकाच रंगाची), जोडी, सगळं ओळखीचं वाटतं. पण हा खेळ तीन पत्ती नाही, आणि या ओळखीपायीच इथे पैसे जातात. टेबल म्हणून आम्ही त्याला पाचपैकी साडेतीन गुण देतो. उरलेले दीड गुण पेअर प्लसच्या दरांनी घालवले, त्याबद्दल पुढे सविस्तर लिहिलंय.

हा खेळ डेरेक वेब यांनी 1994 मध्ये तयार केला. एकच कॅट, 52 पानं, आणि प्रत्येक खेळाडू फक्त डीलरशी खेळतो. शेजारच्याची पानं चांगली की वाईट याचा तुमच्या डावाशी काही संबंध नाही. कापडावर तुमच्यासमोर तीन जागा आखलेल्या असतात: डीलरच्या बाजूला पेअर प्लस, मधे अँटी, तुमच्या अगदी जवळ प्ले. पानं वाटण्याआधी अँटीवर पैसे लावायचे. समजा 500. मशिनमधून तीन पानं येतात. ती बघून दोनच गोष्टी करता येतात. डाव सोडला तर अँटीचे 500 गेले. खेळायचं ठरवलं तर पानं उपडी ठेवून प्लेवर बरोबर तेवढेच, म्हणजे आणखी 500. चारशे नाही, हजारही नाही.

मग डीलर आपली पानं उघडतो. त्याच्याकडे किमान राणी असली, किंवा जोडी वा त्याहून मोठं आलं, तरच त्याचा डाव धरला जातो. गुलाम किंवा त्याखालचं पान मोठं निघालं आणि जोडी, कलर, सिक्वेन्स काहीच नसलं, तर अँटीवर 500 मिळतात आणि प्लेचे पैसे जसेच्या तसे परत येतात. साधारण दहांतल्या तीन डावांत असं होतं. डाव धरला गेला आणि तुमची पानं सरस असली, तर दोन्हीकडे एकास एक मिळतं. त्याची सरस असली, तर दोन्हीकडचे जातात. सारखी निघाली, तर पैसे जागेवर राहतात.

तीन पत्तीसारखी इथे चाल नाही, ब्लाइंड नाही, साइड शो नाही. डीलरला ठरवायचं काहीच नसतं, त्यामुळे त्याचा चेहरा वाचण्यात आणि आपला लपवण्यात वेळ घालवू नका. न बघता प्लेवर पैसे टाकायची सवय असणाऱ्याला हे टेबल महाग पडतं. नीट खेळलं तर कॅसिनोची सरासरी कमाई अँटीच्या 3.37 टक्के असते. प्रत्येक डाव आंधळेपणाने खेळला तर तीच 7.65 टक्क्यांवर जाते.

पानांच्या क्रमातला फरक आधी डोक्यात बसवा. तीन पत्तीत ट्रेल, म्हणजे तीन एक्के किंवा तीन राजे अशी तिन्ही सारखी पानं, सगळ्यांच्या वर. इथे प्युअर सिक्वेन्स (एकाच रंगाची सिक्वेन्स) वर, ट्रेल तिच्या खाली. कारण सरळ मोजणीचं आहे: 52 पानांतून तीन पानांचे 22,100 डाव बनतात, त्यांत ट्रेल 52 आणि प्युअर सिक्वेन्स 48. जे कमी वेळा येतं ते मोठं. म्हणजे तुमच्या हातात तीन एक्के आणि डीलरकडे बदामची दुर्री, तिर्री, चव्वी आली, तर तुम्ही हरलात. दुसरा फरक एक्का-दुर्री-तिर्रीचा. आपल्याकडे ती एक्का-राजा-राणीच्या खालोखाल धरतात, इथे ती सगळ्यात लहान सिक्वेन्स. चव्वी-पंजी-छक्की तिला मारते. या दोन ठिकाणी डीलरशी वाद घालणारे बरेच दिसतात. त्यात डीलरची चूक नसते.

एक दिलासा आहे. सिक्वेन्स किंवा त्याहून मोठं आलं की अँटी बोनस मिळतो, आणि त्यासाठी डीलरला हरवावं लागत नाही. नेहमीचे दर सिक्वेन्सला एक पट, ट्रेलला चार पट, प्युअरला पाच पट. तीन एक्के हरले तरी हा बोनस तुमचाच.

आता मुख्य निर्णय. पाठ करायला एकच ओळ आहे: राणी, छक्की, चव्वी. तुमचा डाव याच्याएवढा किंवा याहून मोठा असेल तर खेळायचं, लहान असेल तर सोडायचं. तुलना आधी मोठ्या पानाची, मग मधल्याची, मग शेवटच्याची. एक्का किंवा राजा असला की बाकीची पानं न बघता खेळा. गुलाम मोठा असला आणि जोडी, कलर, सिक्वेन्स काहीच नसलं, तर सोडा. राणी असली की थांबून मधलं पान बघा. राणी-सत्ती-दुर्री खेळायचं, कारण सत्ती छक्कीच्या वर आहे, शेवटची दुर्री बघायचीच नाही. राणी-पंजी-चव्वी सोडायचं. राणी-छक्की-तिर्री सोडायचं. राणी-छक्की-पंजी खेळायचं.

रेषा इथेच का, तेही समजून घ्या. डाव सोडला की नक्की एक अँटी जाते. राणी-छक्की-चव्वीने खेळलं तर हरायचीच शक्यता जास्त, पण डीलरचा डाव न धरला गेलेल्या वेळा मिळवून सरासरी काढली तर नुकसान एका अँटीपेक्षा किंचित कमी येतं. त्याखालच्या पानांवर ते एका अँटीच्या वर जातं. या नियमाने तीनांतले दोन डाव खेळले जातात, एक सुटतो. लागोपाठ चार डाव सोडावे लागले म्हणून पाचवा रागाने खेळणं, ही इथली सगळ्यात महाग चूक.

पेअर प्लसवर मात्र आमचा राग आहे. ही वेगळी पैज: जोडी किंवा त्याहून मोठं आलं तर पैसे, डीलरकडे काहीही असो. चारातले जवळपास तीन डाव ती बुडते. सांगलीच्या सौद्यात हळकुंड मोडून आतला रंग बघितल्याशिवाय कोणी बोली लावत नाही. इथे हळकुंड म्हणजे टेबलावरचा दरफलक, आणि त्यात बघायची एकच जागा, कलरचा दर. जोडी 1, कलर 4, सिक्वेन्स 6, ट्रेल 30, प्युअर 40 असा पैजेच्या पटींचा फलक असेल, तर कॅसिनोचा वाटा 2.32 टक्के. बाकी सगळं तेच ठेवून फक्त कलरला 4 ऐवजी 3 केलं, की तो 7.28 टक्के होतो. फलकावर एक आकडा बदलतो, वाटा तिपटीवर जातो. कलर साधारण वीस डावांत एकदा येतो, म्हणून हा फरक एका बैठकीत जाणवत नाही, खिशाला मात्र लागतो. फलकावर 3 दिसला तर ती जागा रिकामी सोडा. सहा पानांचा बोनस, म्हणजे तुमची आणि डीलरची पानं मिळून लागणारी वेगळी पैज, असेल तर तोही टाळा.

पैशाचा अंदाज असा. अँटी 500, डाव 40, म्हणजे 20,000 रुपयांच्या अँट्या. त्यावर सरासरी नुकसान 674 रुपये. पण सरासरी म्हणजे तुमची रात्र नव्हे. चाळीस डावांत दहा अँट्या वर किंवा खाली होणं अगदी नेहमीचं, म्हणून वीस-पंचवीस अँट्यांएवढे पैसे बाजूला काढता येत नसतील तर टेबल तुमच्यासाठी मोठं आहे. कमी अँटीचं शोधा.

या सगळ्या हिशोबापेक्षा जड एक गोष्ट आहे, ती टेबलावर नसते, चिप्सच्या काउंटरवर असते. चिप्स घेण्यासाठी भरलेल्या रकमेवर 22 सप्टेंबर 2025 पासून 40 टक्के जीएसटी आहे, आधी तो 28 होता. 3.37 टक्क्यांच्या खेळाला दारातच 40 टक्के. म्हणून काउंटरवर स्पष्ट विचारा: हजार रुपये दिले तर खेळायला किती रुपयांच्या चिप्स मिळतील, आणि त्यातल्या किती परत रोख करता येतील? प्रवेशाच्या पॅकेजमधल्या चिप्स बहुतेकदा फक्त खेळण्यापुरत्या असतात. जिंकलेल्या चिप्स पुन्हा लावल्या तर त्यावर नव्याने जीएसटी लागत नाही. जिंकलेल्या रकमेवर 30 टक्के प्राप्तिकर आणि सेस असतो, हरलेले पैसे त्यातून वजा होत नाहीत.

सराव घरी करा, पैशाशिवाय. आपल्या राज्यात 1887 चा जुगारबंदी कायदा लागू आहे. कॅसिनोला परवानगी देणारा 1976 चा कायदा कधी अमलात आलाच नाही आणि 2023 मध्ये तो रद्द झाला. मोबाइलवरचे पैशाचे खेळ 2025 च्या केंद्रीय कायद्याने बंद झाले. तेव्हा एक कॅट, ओंजळभर चिंचोके आणि पानं वाटायला एक माणूस. शंभर डाव वाटा आणि फक्त राणीवाल्या डावांवर लक्ष ठेवा. विचार न करता खेळू की सोडू हे सांगता आलं, की तयारी झाली.

जायचं तर मिरजेहून गोवा एक्स्प्रेस आहे. वय किमान 21 लागतं, ओळखपत्र सोबत ठेवा. गोव्याच्या कायद्यात टेबलावरचे खेळ जहाजांवर आहेत, हॉटेलांत इलेक्ट्रॉनिक मशिन, म्हणून खरं टेबल हवं तर मांडवीतल्या जहाजावर जायचं.

शेजारी कॅसिनो होल्डेम असेल तर पाच पानांची सवय असणाऱ्याला ते बरं, वाटा 2.16 टक्क्यांच्या आसपास. पण तिथे पुढची पैज अँटीच्या दुप्पट रकमेची असते. कॅरिबियन स्टड 5.22 टक्क्यांचा, त्याकडे वळू नका. इंडियन फ्लश नावाचं टेबल दिसलं तर ते थ्री कार्ड पोकर समजून बसू नका, त्याचा नियमफलक वेगळा वाचा.

टेबलावर पानं एका हाताने धरा, कापडाच्या खाली नेऊ नका, शेजाऱ्याला दाखवू नका, पानं आल्यावर लावलेल्या चिप्सना हात लावू नका. उठताना लहान चिप्स डीलरकडे सरकवून मोठ्या करून मागा, म्हणजे काउंटरवर मोजणी सोपी जाते.