बांध राखायचा की काढायचा? मठाच्या चर्चचं उत्खनन

मठाचं पडलेलं चर्च पुन्हा बांधायचं ठरलंय, नवा पाया घालायच्या आधी खालची जमीन तपासायचीय आणि हातात एकच हंगाम आहे. मग व्हीलर पद्धतीने चौकोन आखून मधे बांध, म्हणजे न खणलेल्या मातीचे पट्टे, राखायचे, की सगळं आवार एकदम उघडायचं? मी दोन्ही केलंय. पद्धती तुम्हाला माहीत आहेत असं धरून चालतो.

चौकोनांवर माझा राग नाही. व्हीलर १९४४ ते ४८ या काळात भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचे महासंचालक होते. त्यांची शिस्त आपल्याकडे इतकी मुरली की खणणं म्हणजे चौकोन, असंच मीही शिकलो. बांधाची उभी कड हा साक्षीदार असतो. भर दुपारी चुकीचा वाचलेला थर संध्याकाळच्या तिरप्या उन्हात पुन्हा तपासता येतो. घमेली वाहायला वाट मिळते. हाताखाली नवखी मुलं असतील तर ही सोय मोठीच.

पण माझ्या पहिल्याच चर्चमध्ये या बांधाने जीव खाल्ला. थडग्याचा एक कोरीव दगड लागला. अक्षरं सुरू झाली आणि निम्म्यात बांधाखाली शिरली: नाव माझ्या चौकोनात, साल बांधात. खालच्या दफनांचंही तेच, पाय आमच्याकडे आणि कवटी मीटरभर मातीच्या आत. त्याहून वैताग फरशीच्या थरांचा. दर चौकोनाचा प्रमुख वेगळा, त्यामुळे माझी तिसरी फरशी ती शेजाऱ्याची दुसरी. अमुक थडगं कुठल्या फरशीतून खणलं, यावर आम्ही दोन आठवडे भांडलो. गावाकडे बांधावरून होतात तशीच भांडणं, फक्त कोर्टात गेलो नाही. उत्तर बांधातच होतं, आणि बांध काढायची परवानगी शेवटच्या आठवड्यात आली.

जुन्या वस्तीचं टेकाड खणताना आपण काळ शोधत खाली जातो. चर्चमध्ये आधी इमारतीचा आराखडा हवा असतो. इंग्लंडमध्ये विंचेस्टरचं ओल्ड मिन्स्टर हे बेनेडिक्टाइन भिक्षूंचं चर्च १०९३ मध्ये पाडलं आणि दगडही काढून नेले. १९६०च्या दशकात मार्टिन बिडल यांनी तिथे मोठं आवार उघडलं तेव्हा बहुतेक ठिकाणी भिंती नव्हत्याच. दगड काढून नेल्यावर मागे राहिलेले, पुन्हा बुजलेले चर होते, आणि त्यांवरून चर्चची आखणी जुळवली गेली. असा चर वरून वेगळ्या रंगाच्या मातीचा पट्टा म्हणून दिसतो. तो सलग दिसला तरच भिंत कुठे वळली ते कळतं.

जुन्या गोव्यातल्या सेंट ऑगस्टीनच्या मठाचंच घ्या. १८४२ मध्ये चर्चचं छत कोसळलं, आणि जॉर्जियाच्या राणी केतेवानचे अवशेष तिथे शोधताना पोर्तुगीज कागदांतली खूण होती सभागृहाची दुसरी खिडकी. खिडक्या मोजायच्या तर आधी सभागृह कुठलं ते ठरायला हवं. तिथे खोलीपेक्षा नकाशा महत्त्वाचा. कीव्हमध्ये सेंट मायकेलच्या मठाचं चर्च १९९०च्या दशकाअखेरीस नव्याने उभारलं, तेव्हाही आधी उत्खनन झालं. जुने अवशेष नव्या इमारतीखाली सांभाळायचे असतील, तर आराखडा करणाऱ्याला ते सलग दिसावे लागतात.

उघड्या आवाराचे चोचले मात्र आहेत. उभा साक्षीदार उरत नाही. सगळी भिस्त नोंदींवर. विंचेस्टरच्याच अनुभवातून एडवर्ड हॅरिस यांनी १९७३ मध्ये थरांचा क्रम मांडायची जी जाळी काढली, ती रोज न चुकता भरावी लागते. पाऊस आला तर अख्ख्या आवाराचं तळं होतं, तेव्हा ताडपत्रीत कंजुषी नको. नोंदी लिहिणारा आळशी असेल तर सरळ चौकोनच बरे, असं मीही म्हणेन.

दुसऱ्या कामात आम्ही आवार उघडलं. जिथे शंका, तिथे तेवढ्यापुरती उभी कड राखली, रेखाटली आणि काढून टाकली. पाचव्या दिवशी खांबांच्या चौथऱ्यांची ओळ एका नजरेत दिसली. इंजिनियरनेही नव्या पायाच्या दोन जागा तिथल्या तिथे सरकवल्या. वरिष्ठांचा आग्रहच असेल तर निदान चौकोन चर्चच्या अक्षाला धरून आखा आणि बांधांची रुंदी अर्ध्या मीटरवर आणा.

त्या पहिल्या थडग्याचं साल पुढे दिसलं. परवानगी आली त्याच आठवड्यात वळवाच्या सरीने कड ढासळली होती. दगडावर १६ एवढंच उरलं होतं. पुढचे दोन आकडे ढिगाऱ्यात चाळूनही सापडले नाहीत.