१९७२ ची शेव्हरोले सी-१० आणि मागच्या ॲक्सलचा ३.७३ रेशो: अनेक महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

माझी १९७२ ची शेव्हरोले सी-१० पिकअप ऑस्टिनमध्ये रोजच्या वापरात आहे. कामावर जाणे, अधूनमधून लाकूडसामान आणणे आणि सुटीच्या दिवशी २९० क्रमांकाच्या महामार्गाने पश्चिमेला फ्रेडरिक्सबर्गकडे जाणे, हे सगळे ती करते. मागच्या ॲक्सलमधील मूळचा ३.०७ रेशोचा क्राउन-पिनियन (मोठ्या आणि छोट्या दातेरी चाकांची जोडी; चाकांच्या एका फेऱ्याला इंजिनकडून येणारा दांडा जितके फेरे घेतो तो रेशो) काढून ३.७३ चा बसवल्याला आता बरेच महिने झाले असून टेक्सासचा उन्हाळा आणि हिवाळा, दोन्ही त्यात येऊन गेले. या गाडीसाठी ३.७३ हाच योग्य रेशो आहे असे माझे ठाम मत झाले आहे. मात्र त्यामागे ॲक्सलइतकाच गिअरबॉक्सचा आणि टायरचाही वाटा आहे, त्यामुळे या तिन्हींचा हिशेब एकत्र मांडणे मला आवश्यक वाटते.

पहिला प्रश्न असतो तो आपल्या गाडीत सध्या काय आहे हा. डॅशबोर्डच्या कप्प्यातील स्टिकरवर कारखान्यातून निघताना काय बसवले होते तेवढेच कळते, आणि पन्नास वर्षांत ॲक्सल बदललेला असू शकतो. म्हणून पुढच्या चाकांना नीट अडण लावली, गिअर न्यूट्रलमध्ये ठेवला, मागचे एकच चाक उचलून स्टँडवर घेतले आणि टायरवर चिकटपट्टी व प्रोपेलर शाफ्टवर (गिअरबॉक्सकडून मागच्या ॲक्सलकडे जाणाऱ्या दांड्यावर) खडूची रेघ अशा खुणा केल्या. साध्या डिफरन्शियलमध्ये (दोन्ही चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणाऱ्या यंत्रणेत) एक चाक जमिनीवर असताना दुसऱ्याचे दोन पूर्ण फेरे म्हणजे क्राउनचा एक फेरा. तेवढ्यात शाफ्टवरची रेघ तीनदा पूर्ण फिरली आणि एका बोटाच्या रुंदीएवढी पुढे जाऊन थांबली. हा ३.०७. त्या जागी ३.७३ असता तर ती चौथ्या फेऱ्याच्या जवळजवळ पाऊण भागापर्यंत गेली असती. (रेशो म्हणजे क्राउनच्या दातांना पिनियनच्या दातांनी भागून येणारा आकडा: ३.७३ साठी ४१ आणि ११, ४.११ साठी ३७ आणि ९.)

आता वेगाचा हिशेब. ताशी मैलांना रेशोने आणि ३३६ ने गुणून टायरच्या इंचांतील व्यासाने भागले की १.०० च्या थेट गिअरमधील इंजिनचे आरपीएम (मिनिटाला होणारे फेरे) मिळतात. माझे मागचे टायर २७५/६०आर१५ मापाचे, म्हणजे २८ इंच व्यासाचे आहेत, त्यामुळे ३३६ भागिले २८ हे बरोबर १२ येते आणि हिशेब तोंडी होतो. मूळच्या टीएच३५० या तीन गतींच्या गिअरबॉक्सचा तिसरा गिअर थेट १.०० चा असल्याने ३.०७ वर ताशी ७० मैलांना सुमारे २,५८० आरपीएम होत, तर ३.७३ वर ते ३,१३० झाले असते. १९७४ मध्ये देशभर ताशी ५५ मैलांची मर्यादा आली, त्या वेगाला ३.७३ ची गाडीसुद्धा २,४६० च्या आसपास निवांत धावत होती. आज ऑस्टिन ते सेगिन मार्गावरील एसएच १३० या टोल रस्त्याच्या दक्षिण भागावर मर्यादा ताशी ८५ मैल आहे आणि तेथे तीन गतींवर ३.७३ म्हणजे ३,८०० आरपीएम. महामार्गासाठी ३.७३ नको, असा जो सल्ला जुनी माणसे देतात तो तीन गतींच्या काळातला आहे आणि त्या काळापुरता तो बरोबरच होता.

मी आधी गिअरबॉक्स बदलला. जनरल मोटर्सने १९८२ मध्ये आणलेल्या ७००आर४ या चार गतींच्या गिअरबॉक्सचा पहिला गिअर ३.०६ चा आणि चौथा ०.७० चा, म्हणजे ओव्हरड्राइव्ह (यात शाफ्ट इंजिनपेक्षा जास्त वेगाने फिरतो) आहे. पहिला गिअर आणि ॲक्सल यांचा गुणाकार केला तर एक गोष्ट लगेच डोळ्यांत भरते: ७००आर४ सोबत ३.०७ घेतला तर ९.३९ येतो, आणि टीएच३५० च्या २.५२ सोबत ३.७३ घेतला तर ९.४०. याचा अर्थ केवळ गिअरबॉक्स बदलल्यानेच सिग्नलवरून निघताना गाडी ३.७३ बसवल्यासारखी उठू लागली, आणि ॲक्सलला हात लावण्याची गरजच नाही असे काही आठवडे मला वाटत होते.

अडचण चौथ्या गिअरमध्ये होती. ताशी ७० मैलांना आरपीएम १,८०० वर येत. सपाट रस्त्यावर ते सुखाचे होते, पण ड्रिपिंग स्प्रिंग्सच्या पुढे चढउतार सुरू झाले की ३५० घन इंचांचे इंजिन दबून जाई. थोडा ॲक्सिलरेटर दिला की टॉर्क कन्व्हर्टरचा (इंजिन आणि गिअरबॉक्स यांना तेलातून जोडणाऱ्या भागाचा) लॉकअप, म्हणजे न घसरणारी घट्ट पकड, सुटे, आणखी दिला की गिअरबॉक्स तिसऱ्यात उतरे, आणि माथ्यावर पोहोचताच पुन्हा चौथ्यात जाई. ही धरसोड कानाला त्रासदायक आहेच, शिवाय लॉकअप सुटल्यावर कन्व्हर्टरमध्ये जी घसरण होते तिने गिअरबॉक्सचे तेल तापते. ज्या गाडीचा ओव्हरड्राइव्ह चढावर टिकत नाही, तिला ओव्हरड्राइव्ह असून नसल्यासारखाच.

३.७३ बसवल्यावर त्याच वेगाला २,१९० आरपीएम राहतात. तेवढ्या फरकाने त्या सगळ्या चढांवर, पाठीमागे सामान असतानाही, गाडी बहुधा चौथ्या गिअरमध्ये आणि लॉकअप लागलेल्या अवस्थेत राहते, आणि ताशी ८५ मैलांना २,६६० आरपीएमवर केबिनमध्ये साध्या आवाजात बोलता येते. मूळच्या जोडणीच्या तुलनेत महामार्गावरील मायलेज थोडे सुधारले आहे, पण झालेला खर्च पेट्रोलमधून वसूल होईल या हिशेबाने कोणी हे काम करू नये.

शहरात मात्र एक गोष्ट पत्करावी लागते. पहिला गिअर फार लवकर संपतो. एकूण गुणाकार ११.४१ झाल्यामुळे ५,००० आरपीएमला वेग जेमतेम ताशी ३६ मैल असतो, आणि दुसरा गिअर १.६३ चा असल्याने तेथून इंजिन २,६६० पर्यंत खाली येते. ही दरी गिअरबॉक्सची आहे, ॲक्सल बदलून ती जात नाही. रेशो जितका मोठा, तितक्या लवकर आपण त्या दरीपाशी पोहोचतो इतकेच. याच कारणासाठी मी ४.११ घेतला नाही. २८ इंची टायरवर पहिला गिअर नावापुरता उरला असता. टायर ३१ इंची असतील तर गोष्ट वेगळी: तेथे ४.११ चा परिणाम माझ्या ३.७३ सारखाच होतो, कारण दोन्हींकडे रेशो आणि व्यास यांचे प्रमाण जवळपास सारखेच पडते.

बसवण्याच्या कामात काटकसर करू नये, हे मी आग्रहाने सांगेन. बारा बोल्टच्या या ट्रक ॲक्सलमध्ये ३.०७ चे कॅरियर (ज्यावर क्राउन बसतो तो भाग) ३.७३ च्या क्राउनला चालत नाही, त्यामुळे कॅरियर घ्यावेच लागते आणि तेव्हाच क्लचचे लिमिटेड-स्लिप (एकच चाक घसरून फिरत राहू न देणारे डिफरन्शियल) घेणे शहाणपणाचे ठरते. पिनियनची खोली शिमने (पातळ चकत्यांनी) जुळवणे, बेअरिंगचा प्रीलोड (आधीच दिलेला दाब) मोजणे आणि दातांमधील मोकळीक ठरलेल्या मापात आणणे ही सवयीच्या हाताची कामे आहेत. गाडी ताब्यात घेण्यापूर्वी दातांना लावलेल्या पिवळ्या रंगावर उमटलेला ठसा मी स्वतः पाहिला. तो दाताच्या मध्यावर होता, कडेला सरकलेला नव्हता. पहिल्या फेरीत वीसेक मैल हळू चालवून ॲक्सल पूर्ण थंड होऊ दिला, ५०० मैलांपर्यंत ट्रेलर जोडला नाही आणि त्यानंतर ८०डब्ल्यू-९० तेल, लिमिटेड-स्लिपच्या ॲडिटिव्हसह, बदलले. ताशी ४५ मैलांच्या आसपास ॲक्सिलरेटर सोडला की बारीक घरघर ऐकू येते. ती पहिल्या दिवसापासून तेवढीच असून वाढलेली नाही, म्हणून सध्या काळजीचे कारण दिसत नाही.

स्पीडोमीटर विसरू नये. ३.०७ च्या हिशेबाने लावलेली स्पीडोमीटरची चकती तशीच ठेवली तर ताशी ६० मैलांना काटा ७३ दाखवतो. गिअरबॉक्सच्या शेपटीतील छोटी प्लास्टिकची दातेरी चकती योग्य दातांची घेतली की काम होते: माझ्याकडे १५ दातांच्या चालक चकतीसमोर ४० दातांची चकती लागली, आणि जीपीएसशी ताडून पाहिले तेव्हा ताशी ७० मैलांना जाणवण्याजोगा फरक उरला नव्हता.