भूगोलासह बीए-बीएड : पाच सेमिस्टर झाल्यावर

"भूगोल घेऊन करणार काय?" असं विचारणाऱ्या घरच्या सगळ्यांना माझं ठरलेलं उत्तर होतं, शिक्षिका होणार. म्हणून बारावीनंतर चार वर्षांचा एकत्रित बीए-बीएड घेतला, मुख्य विषय भूगोल. आता सहावं सेमिस्टर चालू आहे. गोव्यात आमच्या डिचोलीतल्या दोघीतिघी सारख्या फोन करून विचारतात, घेऊ का नको? त्यांना तुकड्यातुकड्यांत सांगितलेलं इथे एकदाच लिहून काढते. कॉलेजचं नाव विचारू नका, अजून तीन सेमिस्टरं तिथेच काढायची आहेत.

तीन वर्षं बीए आणि वर दोन वर्षं बीएड म्हणजे पाच, इथे चार. एक वर्ष वाचतं, खरं. पण ते वाचलेलं वर्ष बहुतेक भूगोलाच्या वाट्यातून गेलंय, असं मला वाटतं. सकाळी भूरूपशास्त्र, पाठोपाठ बालमानसशास्त्रातला पियाजे, जेवणानंतर मूल्यमापन. दोन्ही बाजूंचे शिक्षक आपापल्या जागी चांगले, पण एकमेकांना काय शिकवतात त्याचा पत्ता नाही. जर्नलं मात्र नेमकी एकाच आठवड्यात मागतात.

भूगोलाची प्रात्यक्षिकं मला आवडली. प्रिझमॅटिक कंपास (दिशेचे कोन मोजायचं होकायंत्र) घेऊन कॉलेजच्या आवाराचा सर्व्हे केला तेव्हा आमची आकृती शेवटी जुळेचना. पुन्हा वाचनं घेतली, तरी तेच. मग लक्षात आलं, एक खुंटी आम्ही दुचाक्यांच्या रांगेला चिकटून ठोकली होती. लोखंडाने सुई ओढली जाते हे पुस्तकात 'स्थानिक आकर्षण' म्हणून वाचलं होतं, पण स्कूटरमुळे मार्क जातील असं कुठे लिहिलं नव्हतं. टोपोशीटचं, म्हणजे उंचसखलपणा दाखवणाऱ्या तपशीलवार नकाशाचं काम त्याहून गमतीचं. १:५०,००० प्रमाणावर दर २० मीटरला समोच्च रेषा. माझ्या गावाकडचा जुना नकाशा उघडला, तर रोज बसमधून दिसणारी टेकडी त्यात नाहीच. ती टेकडी म्हणजे खाणीच्या मातीचा ढीग, नकाशा झाल्यानंतर वाढलेला. क्यूजीआयएस हे नकाशांचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं, ते मात्र घरीच शिकावं लागलं. लॅबमधले कॉम्प्युटर उपग्रहचित्र उघडायचं म्हटलं की झोपतात.

आता शिक्षणशास्त्राची बाजू. सूक्ष्म अध्यापनाचं, म्हणजे छोट्या पाठातून शिकवण्याच्या सरावाचं चक्र कागदावर ३६ मिनिटांचं: ६ मिनिटं शिकवा, ६ मिनिटं प्रत्याभरण (फीडबॅक), १२ मिनिटं पुन्हा आखणी, मग परत ६ आणि ६. आमच्या गटात चौदाजणी आणि तासिका चाळीस मिनिटांची. गणित तुम्हीच करा. पुनर्अध्यापन बहुतेकींचं फक्त जर्नलमध्ये झालं. पाठ टाचणाचं (लेसन प्लॅनचं) तेच. एका पाठाला चार-पाच पानं, उद्दिष्टं, वर्तनबदल, फलकलेखनाचा आराखडा, वर लाल-निळ्या रेघा. पाठ चाळीस मिनिटांत संपतो, टाचण लिहायला रात्र जाते.

तरीही कोर्स सोडावासा वाटला नाही, त्याचं कारण गेल्या फेब्रुवारीतला एक पाठ. सहावीचा वर्ग, विषय रेखावृत्तं आणि वेळ. जोडतास मिळाला होता, बारा ते एक. एक मीटरची काठी मैदानात उभी केली आणि मुलांना दर पाच मिनिटांनी सावलीच्या टोकाला खडूने खूण करायला सांगितलं. माझा हिशेब पक्का होता. आपलं घड्याळ ८२°३०' रेखावृत्तावर चालतं, आपण साधारण ७३°५०' वर, म्हणजे सुमारे पावणेनऊ अंशांचा फरक. अंशाला चार मिनिटं धरली की पस्तीसेक मिनिटं. तेव्हा सावली बारा वाजता नव्हे, १२.३५ ला सर्वांत आखूड होणार. बाराच्या ठोक्याला ती साठ सेंटीमीटर होती, १२.३५ ला पंचावन्नच्या जरा आत आली. मी विजयी चेहऱ्याने "बघा!" म्हटलं. तेवढ्यात खूण करणारा मुलगा म्हणाला, "टीचर, सावळी आजून ल्हान जाता."

खरंच होत होती. मिलिमीटर-मिलिमीटरने, पावणेएक वाजून गेले तरी. माझ्या टाचणात याला रकाना नव्हता. "उद्या सांगते" म्हणून वेळ मारून नेली. संध्याकाळी भूगोलाच्या सरांना गाठलं, ते हसले आणि म्हणाले, बाई, समय समीकरण विसरलीस. पृथ्वीची कक्षा लंबवर्तुळाकार, वर आस कललेला, म्हणून सूर्य घड्याळाशी वर्षभर जुळून चालत नाही. फेब्रुवारीच्या मध्याला तो सुमारे १४ मिनिटं मागे असतो, नोव्हेंबरच्या सुरुवातीला सोळा मिनिटं पुढे. ३५ आणि १४, म्हणजे १२.४९. दुसऱ्या दिवशी मी मुलांना सरळ सांगितलं की काल माझं चुकलं होतं, तुमच्या खडूचं बरोबर होतं. त्या पाठाला निरीक्षकांनी शेरा दिला, 'समारोप उद्दिष्टानुसार नाही'. मार्क दहापैकी सहा. पण भूगोल आणि अध्यापन हे दोन विषय मला एकत्र भेटले ते त्याच मैदानात, टाइमटेबलवर कधीच नाही.

जाता जाता, पुस्तक २१ जून आणि कर्कवृत्त घोकून घेतं. आपल्याकडे सूर्य डोक्यावर येतो मेच्या पहिल्या आठवड्यात आणि ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात, आणि २१ जूनला दुपारची सावली चक्क दक्षिणेला पडते. फक्त मे महिन्यात सुट्टी, जून-ऑगस्टमध्ये ढग. गोव्यातल्या भूगोल शिक्षकाचं नशीब.

भाषेचं वेगळंच. आमचे पेपर इंग्रजीत, मी विचार करते मराठीत, मुलं बोलतात कोंकणीत. 'प्लॅटो' म्हटल्यावर तिबेट आणि दख्खन पाठ म्हणून दाखवणाऱ्या वर्गाला मी विचारलं, सडा म्हणजे काय? सगळे हात वर, कारण सडा म्हणजे आपल्याकडचं पठारच. त्यातले निम्मे रोज सड्यावरूनच शाळेत येत होते. खाजनाचंही, म्हणजे बांध घालून खाऱ्या पाण्यापासून राखलेल्या शेतजमिनीचंही तसंच. मानशीची, म्हणजे बांधातल्या पाण्याच्या झडपेची दारं भरतीच्या दाबाने आपोआप मिटतात आणि ओहोटीला उघडतात, हे एका मुलीने वहीच्या दोन पुठ्ठ्यांनी करून दाखवलं. तिचे आजोबा शेतात कोरगुट हे खारं पाणी सोसणारं भात लावायचे. आमची खाजनाची सहल मात्र भरतीचं वेळापत्रक न पाहता निघाली होती, तासभर मिटलेलं दार बघत बांधावर बसलो.

नोकरीचं स्पष्ट सांगते, कारण प्रवेशाच्या वेळी हे कुणी सांगत नाही. दहावीपर्यंत भूगोल हा सामाजिक शास्त्राचा एक तुकडा आहे, त्यामुळे इतिहास, नागरिकशास्त्र, अर्थशास्त्रही तुम्हालाच शिकवावं लागणार. फक्त भूगोल शिकवायचा असेल तर अकरावी-बारावी, आणि तिथे बीएडबरोबर पदव्युत्तर पदवी लागते. म्हणजे वाचवलेलं एक वर्ष परत देऊन वर आणखी एक द्यायचं. मी देणार आहे. ज्यांना फक्त लवकर नोकरी हवी, त्यांनी हे आधीच घरी बोलून घ्यावं.

आणि घेणारच असाल तर पहिल्याच महिन्यात आपल्या तालुक्याचं टोपोशीट मिळवा आणि जर्नलचे कागद घाऊक भावात घ्या. काठी कुठलीही चालते, फक्त मीटरभर हवी.